कुंपणानंच शेत खाल्लं : नवनगर परिसरातल्या बागांचा एक इतिहास

मंडळाच्या बैठकांत आजवर देवळं, वीरगळ, वाडे, तळी आणि घराण्यांचे कागद यांवर पुष्कळ टिपणं वाचली गेली. कुंपणावर एकही नाही. साहजिकच आहे म्हणा. कुंपणावर लेख कोरलेला नसतो, ते फार टिकत नाही, आणि घराची डागडुजी काढली की पहिला घाव त्याच्यावरच पडतो. पण मराठीत आपण 'कुंपणानंच शेत खाल्लं' म्हणतो आणि माझे नवनगरचे शेजारी कानडीत तेच म्हणतात, 'बेलीये एद्दु होल मेय्दंते'. बेली म्हणजे कुंपण, वई. अर्थ दोन्हीकडे एकच, राखणदारच चोर निघाला.

माझं म्हणणं असं की ही म्हण आपल्या भागात अगदी शब्दशः खरी झाली आहे, आणि एकदा नव्हे, तीनदा. माणसानं मळा राखायला, बंगला सजवायला, हौद शोभिवंत करायला जे लावलं, ते वई ओलांडून रानात आणि तळ्यात गेलं. आज चौथी गोष्ट घडते आहे, आणि ती नेमकी उलटी आहे. त्या चारही गोष्टी क्रमानं सांगतो.

मधली जागा

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडी ओळख. हुबळी आणि धारवाड यांच्यात वीसेक किलोमीटरचं अंतर. मधून जुना पुणे-बेंगळुरू रस्ता जातो, त्याला इथं सगळे पी. बी. रोड म्हणतात. १९६२ साली दोन्ही गावांची मिळून एक महानगरपालिका झाली आणि मधली शेतं हळूहळू वसाहतींत गेली. नवनगर ही त्या मधल्या जागेतली आखून वसवलेली वसाहत. आज तिथं कॅन्सर हॉस्पिटल आहे, पोलिस आयुक्तांचं कार्यालय आहे, आणि रस्त्याच्या मधोमध 'चिगरी' बसचा थांबा आहे. कानडीत चिगरी म्हणजे हरीण. जुन्या इंग्रजी नोंदींत काळविटाचं कानडी नाव हेच दिलेलं आहे.

निसर्गाच्या हिशेबानंही ही मधलीच जागा. पूर्वेला गेलं की कापसाची काळी जमीन, पश्चिमेला धारवाड-कलघटगीकडे तांबडी मसारी, मग मलनाडचा पाऊस आणि दांडेलीचं रान. त्यामुळे माळावरचे आणि जंगलातले असे दोन्हीकडचे पाहुणे इथं भेटतात. आमच्या परसात शिंजीर, दयाळ, बुलबुल, शिंपी, खारी, मुंगूस हे सगळे कधी ना कधी दिसले आहेत. एखादा पाहुणा टिकतो की नाही, हे बरंचसं घरांभोवती काय आहे यावर ठरतं.

एलियटसाहेबाची गुलांडी

इतिहासाच्या अभ्यासकांना वॉल्टर एलियट हे नाव शिलालेखांमुळे ठाऊक असतं. कर्नाटकातल्या कितीतरी लेखांच्या नकला त्यानं करवून घेतल्या. १८२४च्या कित्तूरच्या उठावात कलेक्टर थॅकरे मारला गेला, तेव्हा हा तरुण अधिकारी कैदेत पडला होता. पण त्याचा आणखी एक उद्योग होता. 'सदर्न मराठा कंट्री'त, म्हणजे आपल्याच मुलखात, कोणते सस्तन प्राणी आढळतात याची सविस्तर यादी त्यानं केली. मद्रासच्या साहित्य आणि विज्ञानाच्या नियतकालिकात ती १८३९ साली छापून आली.

या यादीत वाघ-बिबट्यांबरोबर उंदीरही आहेत, आणि मला तेच जास्त महत्त्वाचे वाटतात. एक 'गुलांडी'. हा उंदीर काटेरी जाळीत राहतो, फांद्यांत किंवा बुडाशी गवताच्या तंतूंचं घरटं विणतो आणि हरळीच्या मुळ्या खातो. शास्त्रज्ञांनी त्याचं नाव 'गोलुंडा एलिओटाय' ठेवलं. पहिला शब्द कानडी, दुसरा साहेबाचा. दुसरा उंदीर 'मेट्टाड'. तो शेतात राहतो, आणि उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडल्या की त्यांतच बिऱ्हाड करतो.

उंदरांचं एवढं कौतुक कशाला, असं कुणी विचारील. उत्तर सोपं आहे. ज्या जागी गुलांडी आहे तिथं धामण आहे, मुंगूस आहे, घुबड आहे. शेताच्या बांधावरची काटेरी जाळी म्हणजे एक अख्खं बिऱ्हाड होतं. बाभूळ, बोर, करवंद, सागरगोटा, अडुळसा, कोरांटी अशी ती मिश्र वई असे. तिला कुणी बाग म्हणत नव्हतं, पण घराजवळचं रान तेच होतं.

पहिली गोष्ट : निवडुंग

मग निवडुंग आला. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. युरोपियन जहाजांबरोबर तो इकडे पोचला आणि गुरं अडवायला, चोर रोखायला इतका सोयीचा ठरला की मळे आणि गावकूस त्यानं भरून गेले. कानडीत त्याला पापास कळ्ळी म्हणतात. हातभर फडा मोडून मातीत टाकला की झाड तयार. बोंडं पाखरं खाणार, बी लांब नेऊन टाकणार. मिश्र वई राखायला दरवर्षी हात लागत; निवडुंगाला काहीच लागत नसे. माणसानं सोय पाहिली आणि निवडुंगानं जमीन पाहिली.

त्याला आवरण्याची कथा गमतीची आहे. अमेरिकेत निवडुंगावर एक बारीक किडा जगतो आणि त्यापासून किरमिजी रंग मिळतो. त्या रंगाच्या व्यापाराच्या आशेनं १७९५ साली ब्राझीलहून असे किडे भारतात आणले गेले. आला तो चुकीच्या जातीचा. रंग चांगला मिळेना, पण निवडुंगाची एक जात त्यानं फस्त केली. दुसरी जात त्याला चालत नव्हती. ती पसरतच राहिली. शेवटी १९२६ साली श्रीलंकेतून योग्य जातीचा किडा आणून दक्षिण भारतात सोडला, आणि काही वर्षांत सुमारे ४० हजार हेक्टरवरचा निवडुंग आटोक्यात आला. परदेशी झाड त्याच्याच देशच्या किडीकडून आवरण्याचं जगातलं हे अगदी सुरुवातीचं यश मानतात. निवडुंगाची लाल बोंडं खाऊन ओठ आणि कपडे रंगवल्याच्या गोष्टी आमच्या आधीच्या पिढीकडून ऐकल्या आहेत. आता तो निवडुंग शोधायला जावं लागतं.

यातला मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. निवडुंग वाईट होता म्हणून माजला नाही. तो त्याची कीड मागं ठेवून आला, म्हणून माजला.

दुसरी गोष्ट : घाणेरी

घाणेरी, टणटणी, लँटाना, काहीही म्हणा. ही तर निव्वळ हौसेची आयात. १८०९ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती शोभेचं झुडूप म्हणून लागली. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुलं, बारा महिने बहर, गुरं तोंड लावत नाहीत, छाटली की दाट होते. बंगल्याच्या कुंपणाला आणखी काय हवं? कॅन्टोन्मेंटपासून मळ्यांपर्यंत ती सगळीकडे गेली.

बुलबुल आणि साळुंक्या तिची काळी फळं आवडीनं खातात. पोटातून गेलेलं बी कुंपण मानत नाही. आज कलघटगीच्या रस्त्यानं दांडेलीकडे निघा, झाडोऱ्याखाली घाणेरीच्या जाळ्या दिसत राहतात. तिच्याखाली गवत उगवत नाही, आणि गवत नाही म्हणजे चितळ-गव्यांना चारा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार देशातल्या दीड लाखाहून जास्त चौरस किलोमीटर जंगलात ती पसरली आहे. वाघांच्या क्षेत्राच्या हिशेबात हे सुमारे ४० टक्के होतं. दोनशे वर्षांपूर्वीची एका बागेतली हौस, आणि आज वाघाच्या ताटातला घास कमी!

इथं कुणीतरी हमखास म्हणतं, 'पण घाणेरीवर फुलपाखरं किती येतात!' येतात, खरं आहे. पण फुलपाखराचं असं असतं की मध कुठंही पितं, अंडी मात्र ठरलेल्या झाडावरच घालतं. बाळंतपणाला माहेरीच जायचं, अशी त्यांची रीत. लिंबू आणि कढीपत्ता हे एकाचं माहेर, रुई दुसऱ्याचं, बोर तिसऱ्याचं. आपल्याकडच्या फुलपाखरांचं माहेर घाणेरी नाही. ती खाणावळ आहे. गावात नुसत्या खाणावळी उघडल्या आणि माहेरं पाडली, तर पुढची पिढी यायची कुठून?

तिसरी गोष्ट : उणकलचं तळं

नवनगरहून हुबळीकडे येताना उणकल लागतं. इतिहासप्रेमी मंडळी चंद्रमौळेश्वराच्या देवळाकडे वळतात. बाकीचे संध्याकाळी तळ्यावर. या तळ्यावर अनेक वर्षं जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरत आला आहे. काढायची, पुन्हा येते.

जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या हौसेपायी ती जगभरच्या बागांतल्या हौदांत गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोचली. तिथं नद्या-खाड्या इतक्या तुंबल्या की १९३६ साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. पुण्याची मुळा-मुठा आपण पाहतोच. सांडपाणी हे तिचं खत. पाण्यावर झाकण बसलं की ऊन आत जात नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, आणि मासे गेले की बगळे-खंड्याही जातात. कमळपक्ष्यासारख्या एखाद्याला त्या पानांवरून चालायला आवडतं, हेही खरं. पण एकाच्या चालण्यासाठी सगळ्यांचा श्वास जातो.

तिच्याही बाबतीत शेवटी कीडच शोधावी लागली. बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात तिच्यावर जगणारे भुंगे आणून तिथल्या तळ्यांत सोडले गेले आणि काही तळ्यांत ते चांगले लागू पडले. पण सांडपाणी येत राहिलं तर किड्यानं तरी किती खायचं? काँग्रेस गवतासाठीही १९८४ साली बेंगळुरूतच मेक्सिकोचा भुंगा सोडला होता. म्हणजे निवडुंग, जलपर्णी, काँग्रेस गवत, तिन्ही वेळा इलाज एकाच प्रकारचा. आधी कीड नसलेलं झाड आणा, मग शंभर वर्षांनी कीड शोधायला समुद्रापार जा.

परस, हित्तल आणि एकवीस पत्री

आता घराच्या मागच्या दाराशी येऊ. मालमड्डीतल्या मराठी घरांत परस म्हणतात, कानडीत हित्तल. आमच्या बोलण्यात दोन्ही येतं. या परसातली झाडं आठवून पाहा. तुळस, पारिजातक, जास्वंद, तगर, कण्हेर, सोनचाफा, कढीपत्ता, लिंबू, शेवगा, सीताफळ, मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ. यातली सगळी देशी नाहीत. सीताफळ अमेरिकेतलं. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. त्यामुळे 'परदेशी ते सगळं उपटा' असं माझं म्हणणं अजिबात नाही. झेंडू फुलतो, तोरणात जातो, तळं तुंबवत नाही. सीताफळावर तर इथल्या एका हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखरानं संसार थाटला आहे. त्याचं जुनं घर सोनचाफा आणि अशोक, आणि सीताफळ त्याच नात्यातलं. प्रश्न जन्मगावाचा नाही. दोन साधे प्रश्न आहेत. कुंपणाबाहेर गेलं तर हे झाड काय करील? आणि याचं पान कोण खाईल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे लिहून ठेवलेलं आहे, असं मला वाटतं. गणपतीच्या पत्रींची यादी काढा. घराण्यागणिक ती थोडी बदलते, पण दूर्वा, बेल, आघाडा, रुई, धोत्रा, माका, शमी, बोर, डोरली, तुळस, कण्हेर, डाळिंब ही नावं बहुतेक याद्यांत येतात. यातली निम्मी झाडं कुणी मुद्दाम लावत नाही. आघाडा, माका, धोत्रा, डोरली ही वईच्या बुडाशी, परसाच्या न झाडलेल्या कोपऱ्यात आपोआप येणारी. म्हणजे वर्षातून एकदा घराला एकवीस पत्री लागणार, तर घराभोवती असा एक कोपरा राखावाच लागे. रुईवर केशरी-काळ्या फुलपाखराची अळी, कण्हेरीवर चकचकीत चंदेरी कोष लटकवणाऱ्या दुसऱ्याची, बेलावर लिंबावरचीच. तगरीवर जाड हिरवा सुरवंट, त्याचा पुढं पोपटी रंगाचा मोठा पतंग होतो. धर्मशास्त्र लिहिणाऱ्यांच्या मनात फुलपाखरं होती असा दावा मी करत नाही. पण यादी पाळली गेली तेवढे दिवस ती माहेरंही टिकली, एवढं खरं.

आता पत्रीची जुडी बाजारात मिळते. त्यात काय असतं ते पुढच्या चतुर्थीला नीट उलगडून बघा.

चौथी गोष्ट : 'हुळा हत्तंगिल्ल री'

नवनगरातल्या साईट बहुतेक तीस-चाळीसच्या. सुरुवातीच्या घरांना मेंदीची नाहीतर ड्युरांटाची वई असे, मागं हित्तल असे. कुटुंबं वाढली, गाडी आली, भाडेकरू आला. वईच्या जागी कंपौंडची भिंत आली, हित्तलावर खोली चढली, उरलेल्या पट्टीवर फरशी बसली. तिकडे रस्ता रुंद होताना पी. बी. रोडची जुनी सावलीही गेली. मी हे दोष म्हणून सांगत नाही. प्रत्येक घराला आपापलं कारण होतं. पण बेरीज केली की वसाहतीतून एक अख्खी वई नाहीशी झाली.

जे लावायचं ते आता नर्सरीतून येतं. तिथं कुठलंही रोप उचला, विकणारा ते खपवायला एक वाक्य म्हणतो, 'हुळा हत्तंगिल्ल री.' कीड लागत नाही हो. कोनोकार्पस, सोनेरी ड्युरांटा, बाहेरून आलेले पाम, कृत्रिम वाटावं असं लॉन. आपल्यालाही ते वाक्य आवडतं.

पण त्याचा अर्थ नीट लावून बघा. कीड लागत नाही, म्हणजे त्याचं पान इथल्या कुणाला खाता येत नाही. पान कुणी खात नाही म्हणजे अळ्या नाहीत. आणि पाखरांची पिल्लं अळ्यांवर वाढतात. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवते. अमेरिकेत डग्लस टॅलमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन शहराच्या घरगुती बागांत चिकडी नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याचा अभ्यास केला. २०१८ साली त्यांनी मांडलं की बागेतली किमान ७० टक्के झाडं-झुडपं तिथली मूळची असतील, तरच त्या पक्ष्याची संख्या टिकते. त्याहून कमी झाली की पिल्लं पुरेशी वाढत नाहीत. पक्षी बागेत दिसतो, पण घर चालत नाही. आपल्याकडचा आकडा वेगळा असेल, कारण तेच राहील.

कोनोकार्पसबद्दल सरकारंही सावध होऊ लागली आहेत. गुजरातच्या वनखात्यानं २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. पण सरकारनं एक झाड बंद केलं की नर्सरीत दुसरं येईल. वाक्य तेच राहील.

आधीच्या तीन गोष्टींत कीड नसलेलं झाड वई ओलांडून बाहेर गेलं. या चौथ्या गोष्टीत कीड नसलेल्या झाडानं वई आतून रिकामी केली. दोन्हीचं मूळ एकच. ज्याला कुणी खात नाही, ते झाड आपण सोयीचं समजतो.

मग करायचं काय

तीस-चाळीसच्या साईटवर रान करता येत नाही, हे मला कळतं. पण लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर औषध मारण्याआधी थांबता येतं. ती अळी आहे; मोठी झाली की हिरवी होते, पंधरा-वीस पानं खाते आणि जाते. झाड मरत नाही. भिंत असली तरी तिच्या आतून अडुळसा, कोरांटी, एखादं करवंद लावता येतं. तिन्हींना पाणी फार लागत नाही, आणि कोरांटीच्या कुळातल्या झाडांवर आपल्याकडची कितीतरी फुलपाखरं अंडी घालतात. कोपऱ्यात आघाडा-माका उगवला तर चतुर्थीपर्यंत राहू द्यावा. आणि हौदातली जलपर्णी किंवा काचेच्या टाकीतलं पाणवनस्पतीचं झुडूप नाल्यात फेकू नये. आपला नाला कुठल्या ना कुठल्या तळ्यालाच मिळतो.

शेवटी मंडळाच्या कामाची एक विनंती. या विषयाची साधनं दप्तरखान्यात फारशी नाहीत. ती आपल्या ट्रंकांत आहेत. १९५० ते १९९० या काळातले घरासमोर, परसात, कुंपणाशी काढलेले फोटो काढा. मुंजीचे, मंगळागौरीचे, नव्या स्कूटरचे, कुठलेही. फोटोतली माणसं कोण, हे आपण नेहमी विचारतो. या वेळी त्यांच्या मागं काय उभं आहे ते बघा, ओळखू येईल त्या झाडाचं नाव, गल्ली आणि अंदाजे साल फोटोच्या पाठीवर लिहा आणि मंडळाला नक्कल द्या. मालमड्डी, उणकल, अमरगोळ, नवनगर, जिथलं असेल तिथलं. पन्नास फोटो जमले तरी कोणत्या गल्लीतली वई कधी गेली हे सांगता येईल. ते कळलं की कुठली परत लावायची, हेही ठरवता येईल.